थोरल्या भावाला व्हीलचेअरसकट बोटीत नेऊन गळ टाकायचाय, बोट कशी बदलावी?

भोगावतीकाठ
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळत नाही म्हणून लिहितोच.

आमचा थोरला भाऊ ऊस भरताना ट्रॉलीवरनं पडला आणि मणक्याला मार लागला. कागदावर टी १० लिहिलंय, म्हणजे छातीच्या मणक्यांतला वरनं दहावा, कमरेखाली ताकद नाही आणि कळतही नाही, हात आणि छाती मात्र ठणठणीत. गळाचा नाद लहानपणापासनं. रोहूसाठी शेंगदाण्याची पेंड किती भाजायची, गोळा किती घट्ट मळायचा हे निम्म्या गावानं त्याच्याकडनं शिकलंय. आता त्याला तलावावर घेऊन जातो तर खुर्चीची चाकं काठाच्या गाळात रुततात, म्हणून तो लांब वर कोरड्यात बसतो, आम्ही गळ टाकतो आणि मासा लागला की रॉड पळवत नेऊन त्याच्या हातात देतो. त्याला हे अजिबात पटत नाही. म्हणतो टाकणार मी, ओढणार मी, नाहीतर घरी बसतो.

मित्राच्या मच्छीमार संस्थेकडं कागल भागातल्या एका तलावाचा ठेका आहे, संस्था मदतीला तयार आहे. त्यांच्या दोन जुन्या फायबरच्या होड्या पडून आहेत, प्रत्येकी १४ फूट लांब, ४ फूट रुंद. त्यातली एक घेऊन बदल करावा असा विचार आहे. कुणी असं काही केलंय का? काय बघायला पाहिजे?

रोहूराजा
भावा एक नंबर काम. होडीच्या मधल्या दोन फळ्या काढायच्या, तिथं खुर्ची बसवायची, चाकं बांधून टाकायची, झालं की. आम्ही येतो उचलायला, चार जण बास झाले.

टिगवाला_उद्यमनगर
रोहूराजा, थांबा जरा. मी फॅब्रिकेशनमध्ये आहे, बोटी कमी केल्यात पण केल्यात. १४ बाय ४ ची होडी म्हणजे माणसं किती बसवायची याचा एक ढोबळ हिशोब आहे, लांबी गुणिले रुंदी फुटात, भागिले १५. इथं ५६ भागिले १५, म्हणजे तीन माणसं, आणि तीही खाली फळीवर बसलेली. व्हीलचेअरमध्ये माणूस बसला की त्याचं बूड जमिनीपासून दीड-पावणेदोन फुटावर जातं, वजन वर सरकतं. त्यात कटला लागला आणि तो एका बाजूला वाकला तर ४ फुटी होडी कलंडायला वेळ लागणार नाही.

आडवं कलंडणं रोखायला सगळ्यात जास्त काय कामाला येतं तर रुंदी. लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर झुकण्याला होणारा विरोध आठपट होतो. म्हणून एक होडी नको. दोन्ही घ्या, मध्ये अंतर सोडून जोडा. तापोळ्याला कोयनेच्या शिवसागरात जीपगाड्या पलीकडं नेणारे तराफे बघितले असतील, तत्त्व तेच.

भोगावतीकाठ
दादा हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन्ही होड्या मिळतील, विचारतो. पण मग वर प्लॅटफॉर्म टाकला तर तो अजून उंच होणार ना? खुर्ची वर चढवायची कशी?

टिगवाला_उद्यमनगर
बरोबर पकडलंत. होड्यांच्या काठावर टाकला तर पाण्यापासनं दीड फूट वर. रॅम्पचा नियम १ ला १२, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. दीड फुटाला १८ फुटाचा रॅम्प, तो बोटीवर बाळगायचा कुठं?

म्हणून प्लॅटफॉर्म वर टाकायचाच नाही, दोन होड्यांच्या मध्ये खाली लोंबता ठेवायचा. होड्यांमध्ये ५ फूट अंतर, कारण व्हीलचेअरला जागच्या जागी वळायला ५ फुटाचं वर्तुळ लागतं. यू आकाराच्या तीन फ्रेम करायच्या, होडीच्या काठाला नटबोल्टनं धरून खाली उतरणाऱ्या आणि त्यांच्या तळावर डेक. भरलेल्या वजनाला डेक पाण्यापासनं ८ इंच वर राहिला की झालं. मग समोरच्या बाजूला बिजागरीवर ८ फुटाचा रॅम्प, ८ इंचाला ८ फूट, हिशोब बसला. प्रवासात तो उभा करून ठेवायचा, तेवढंच पुढनं दार झालं. माणूस खाली बसतो म्हणून बोटही स्थिर आणि दोन्ही बाजूंना होड्यांच्या भिंती असल्यामुळं खुर्ची घरंगळायची भीती नाही.

डेक ५ बाय १० चा धरा. ३ एमएमची चेकर्ड, म्हणजे उठावाच्या नक्षीची, अॅल्युमिनियम शीट ४० किलोच्या आसपास होईल, खाली बॉक्स सेक्शनचे चौकोनी पाइप वेगळे. लोखंड वापरलं तर स्वस्त पडेल पण वजन जवळजवळ तिप्पट.

पूररेषा
वाचतोय, लई भारी चाललंय. माझा मुद्दा बोटीचा नाही, काठाचा आहे.

२०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीकडं आमची पोरं बोटीवर होती. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, ऑपरेशन झालेले, सगळ्यांना बोटीत घ्यावं लागलं. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली, माणूस पाण्यात असताना नाही तर काठावरनं बोटीत जाताना पडतो. पाय किंवा चाक बोटीवर टेकवलं की बोट मागं सरकते, आणि उचलणाऱ्यांचे निम्मे पाय काठावर आणि निम्मे बोटीत. एक दोर पुरत नाही. पुढनं दोन दोर, दोन्ही कोपऱ्यातनं, काठावर तिरके ताणून खुंट्यांना बांधायचे, आणि मागच्या बाजूला एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बोट काठाकडं रेटून धरणार. ती सगळी तयारी झाल्यावरच खुर्ची हलवायची, आधी नाही.

आणि माणसं किती हे बोटीवर रंगानं लिहा. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून किती जीव गेले हे या भागात कुणाला सांगायला नको. "एकजण घे की अजून" हे वाक्य त्या बोटीवर कुणीही बोलायचं नाही.

शांत_पाणी
सगळ्यांचा उत्साह समजतो पण मला राहवत नाही म्हणून लिहितो. पोहता येत नाही, पाय हलत नाहीत अशा माणसाला धरणाच्या पाण्यात न्यायचंच कशाला? उद्या काही झालं तर घरच्यांना काय तोंड दाखवणार? काठावरच चांगला ओटा बांधा, सावली करा, तिथं बसून गळ टाकू दे की. जीवाशी खेळ नको.

चार_चाकं
शांत_पाणी काका, तुमची काळजी खरी आहे, पण उत्तर मी देतो कारण मी स्वतः खुर्चीवर आहे. इचलकरंजीचा. माझी इजा टी ४ ला आहे, म्हणजे भोगावतीकाठच्या दादांपेक्षा वरची.

पाय हलत नाहीत म्हणजे पाण्याशी संबंध संपला असं नसतं. मुरलीकांत पेटकर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, पेठ गावचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालची ताकद गेली आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्ण आणलं. २०१८ ला पद्मश्री मिळाली. आणि आपल्याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवर बसून १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. त्या काळात सगळे हेच म्हणत असणार, कशाला त्रास घेता, घरी बसा.

ओटा बांधायला माझी हरकत नाही, पण आपल्याकडच्या तलावांचं पाणी पावसाळा संपताना कुठं असतं आणि मे महिन्यात कुठं असतं बघा. ऑक्टोबरला ओट्याखाली पाणी, एप्रिलला ओट्यापासनं पाणी हाकेच्या अंतरावर आणि मध्ये सगळा भेगाळलेला गाळ. बोट पाण्याबरोबर खाली जाते, ओटा जात नाही.

आता माझ्याकडनं महत्त्वाचं. माणसाला खुर्चीला आणि खुर्चीला बोटीला असं दोन्ही बांधायचं नाही. खुर्ची डेकला बांधा, चार कोपऱ्यात चार कड्या, रॅचेट पट्ट्या, खुर्चीचे ब्रेक एकट्यावर भरवसा नको. पण माणूस मोकळा पाहिजे. ज्यांची छाती सावरत नाही, माझ्यासारख्यांची, त्यांना पट्टा लागतोच, मग तो वेल्क्रोचा, एका ओढीत सुटणारा, आणि बोटीवरच्या प्रत्येकानं तो आधी एकदा स्वतः सोडून बघितलेला. बॅटरीवरची जड खुर्ची तर नेऊच नका, साधी फोल्डिंग खुर्ची न्या.

शांत_पाणी
पाण्याच्या पातळीचा मुद्दा पटला. लाईफ जॅकेटचं तेवढं कुणीतरी नीट सांगा, साधं नारंगी जॅकेट चालतं का?

नीट_बसा
नमस्कार, मी फिजिओ आहे. जॅकेटचा प्रश्न अगदी योग्य विचारलात, त्यावरच लिहायला आले होते.

साधं फोमचं बनियनसारखं जॅकेट सगळ्यांना सारखं चालत नाही. पायात ताकद नसते तेव्हा पाय पाण्यात वेगळेच वागतात, काहींचे वर तरंगतात, कुणाचे आखडून वाकतात, आणि माणूस पालथा होऊ शकतो. हातांत ताकद असेल तर तो स्वतःला उलटवेल, मानेपासून इजा असेल तर नाही उलटवू शकणार. म्हणून मानेमागं कॉलर असलेलं, तोंड वर ठेवणारं जॅकेट घ्या. जॅकेटची तरंगवायची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते, शांत पाण्याला १०० न्यूटनचं बघा, ज्यांना हात वापरता येत नाहीत त्यांना १५० चं. आणि घेतल्यावर बोटीत बसायच्या आधी कमरेएवढ्या पाण्यात, दोघं जण बाजूला उभे राहून, त्याच माणसावर तेच जॅकेट तपासा. त्याला पालथं करून सोडायचं आणि तोंड आपोआप वर येतंय का बघायचं. ही चाचणी त्याला स्वतःला धीर देते, नुसतं सांगून तो येत नाही.

आता टिगवाला दादा, तुमच्या चेकर्ड शीटबद्दल. ऊन लागलं की अॅल्युमिनियम किती तापतं तुम्हाला माहितीच आहे. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाचा पाय फुटरेस्टवरनं घसरून त्या शीटवर टेकला तर त्याला कळणारच नाही. तो तासभर मासे धरत बसेल आणि घरी मोजे काढल्यावर टाचेला फोड दिसेल. असे फोड, जखमा या लोकांत महिनोन् महिने भरत नाहीत. डेकवर फिक्या रंगाची जाड मॅट टाका, पाय टेकायच्या जागी नक्कीच. आणि पायात बूट हवेतच, चप्पल नाही. गळ, माशाचे काटे, सगळं डेकवर पडलेलं असतं.

टिगवाला_उद्यमनगर
ताई, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. मॅट टाकतो. आणि चेकर्डच्या कडा, बोल्टची टोकं, सगळी घासून टोप्या बसवतो, म्हणजे पाय घासला तरी कापणार नाही.

नीट_बसा
अजून दोन-तीन गोष्टी सांगते, कारण ही बोट एका माणसासाठी राहणार नाही, बघता बघता दुसरे विचारायला लागतील.

बसायची गादी. खुर्चीवर रोजची जी प्रेशर रिलीफ, म्हणजे बुडावरचा दाब कमी करणारी, गादी आहे तीच बोटीवर पाहिजे, काढून नुसत्या फळीवर बसवू नका. दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं किंवा कडेला झुकायचं, मासा लागायची वाट बघताना हे हमखास विसरतं, म्हणून मोबाईलला गजर लावा.

ऊन. टी ६ ला किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना इजेच्या खाली घाम नीट येत नाही, अंग तापत जातं. चार_चाकं दादा, तुम्हाला हे ठाऊक असणार. सकाळी लवकर जा, उन्हाच्या आत परत या, वर ताडपत्रीची सावली, पाण्याची फवारणीची बाटली जवळ.

आणि लघवीची पिशवी. निघायच्या आधी रिकामी करा, नळी कुठं दुमडली नाही ना बघा. टी ६ आणि त्याच्या वरच्यांमध्ये मूत्राशय भरून तुंबलं तर रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो. असं झालं तर माणसाला बसतंच ठेवायचं, झोपवायचं नाही, कपडे-पट्टे सैल करायचे, नळी मोकळी करायची आणि तरी उतरलं नाही तर सरळ काठ आणि दवाखाना. बोटीवर जो कुणी असेल त्याला हे माहिती पाहिजे.

चार_चाकं
ताईंनी शेवटचं लिहिलं ते लोक संकोचानं बोलत नाहीत. धन्यवाद. काठावर कनातीसारखा छोटा आडोसा कराल तर फार उपकार होतील, बायका आल्या तर त्यांनाही.

संस्थेचा_सेक्रेटरी
मी त्याच भागातल्या दुसऱ्या एका मच्छीमार संस्थेत आहे. कागदाचं सांगतो.

तलाव पाटबंधारेचा, मासेमारीचा ठेका संस्थेचा. त्यामुळं संस्थेचा ठराव आणि पाटबंधारेचं पत्र दोन्ही घ्या. ही बोट मोटार लावून माणसं नेणार म्हणजे नोंदणी आणि तपासणी मेरिटाईम बोर्डाकडं, २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आता लागू आहे. आपल्याच माणसासाठी आहे, फुकट आहे, म्हणून लागत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अपघात झाला तर पहिला प्रश्न हाच येतो.

राधानगरी, काळम्मावाडीचं पाणी छान आहे म्हणून कुणी तिकडं न्यायचा विचार करत असेल तर तो भाग दाजीपूर-राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत येतो, तिथं गळ टाकायचा विषयच नाही.

पैशाचं बघायचं असेल तर ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. लेखी अर्ज द्या, ग्रामसभेत मांडा. बऱ्याच ठिकाणी तो पैसा पडून असतो कारण मागणारंच कुणी नसतं.

आणि एक विनंती, पावसाच्या सुरवातीला चढणीचे मासे धरायला ही बोट काढू नका. अंड्यावरची मादी धरली तर तलाव रिकामा होतो. आमच्या मेहनतीचं बीज असतं ते.

भोगावतीकाठ
साहेब, चढणीचं आम्हीही धरत नाही, दादाचाच घरात दंडक आहे. ठरावाचं मित्राशी बोललो, या महिन्याच्या मीटिंगला घेतील. मोटारीबद्दल कुणाला माहिती? संस्थेकडं पेट्रोलचं जुनं इंजिन आहे, ते वापरू का?

कर्ली_खाडी
गाव मालवण तालुक्यात, नोकरीला कोल्हापुरात. पेट्रोल इंजिन नको असं माझं मत. आवाज, धूर, दोरी ओढून चालू करायचं, आणि ते चालवणार दुसराच कोणीतरी. तुमच्या दादांना मासे कुठं आहेत ते कळतं ना, मग बोट त्यांनीच फिरवायला हवी.

१२ व्होल्टची इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटार मिळते, ५५ पाउंड थ्रस्टची, म्हणजे तेवढ्या जोरानं ढकलणारी, घ्या. रिमोटवर चालणारी असेल तर दादा खुर्चीत बसून बोटानं फिरवतील. काही मॉडेलमध्ये जीपीएसनं बोट एका जागी धरून ठेवायची सोय असते, वाऱ्यानं सरकली की मोटार आपोआप जागेवर आणते, नांगर टाकायची-ओढायची मेहनत वाचते. महाग आहे ते, पण या बोटीसाठी पैसे घालायची जागा हीच.

बॅटरीचा हिशोब लक्षात ठेवा. पूर्ण वेगात ही मोटार ५० अँपिअरच्या आसपास खाते. १०० एएचची, म्हणजे १०० अँपिअर-तासाची, साधी लेड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे पूर्ण वेगात तासभरच. हळू चालवलं तर बराच वेळ पुरते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर वजन २५-३० किलोऐवजी १२ च्या आसपास आणि जवळजवळ सगळी वापरता येते. एक सुटी बॅटरी आणि दोन वल्ही कायम बोटीवर.

मोटार एका होडीच्या मागं लावू नका, बोट गोल फिरत राहील. मागच्या फ्रेमच्या मधोमध ब्रॅकेट करा. आणि नांगर टाकायचा झालाच तर पुढनं, कधीही कडेनं नाही. कडेनं नांगर अडकला आणि वारा लागला की बोट त्याच बाजूला दबते.

टिगवाला_उद्यमनगर
ब्रॅकेट होऊन जाईल. होड्यांच्या पोटात फोमही भरायचा आहे म्हणजे भोक पडलं तरी बुडणार नाही. पॅकिंगचा थर्माकोल कोंबू नका कुणी, पेट्रोलचा थेंब लागला की विरघळतो. बंद पेशींचा, पाणी न शोषणारा पीयू फोम भरू.

पहिल्यांदा पाण्यात टाकताना माणूस नाही बसवायचा. २०० लिटरचे ड्रम डेकवर ठेवून पाण्यानं भरायचे, एक ड्रम म्हणजे २०० किलो. जेवढी माणसं धरली त्याच्या दीडपट वजन. मग होडीच्या काठापासून पाण्यापर्यंत किती अंतर उरलं ते टेपनं मोजायचं. नंतर एक ड्रम एका बाजूच्या होडीत सरकवायचा आणि परत मोजायचं. ड्रम काठोकाठ भरा, अर्धा ड्रम असला की आतलं पाणी झुकेल त्या बाजूला धावतं आणि माप चुकतं.

एकहाती
मला कुणी विचारलं नाही पण लिहितो. कडबाकुट्टीत डावा हात कोपरापासून गेला. बोट हा माझा प्रश्न नाही, गळ हा आहे.

मी काय करतो, कमरेला चामड्याचा पट्टा आणि त्याला समोर पाइपचा तुकडा शिवून घेतलाय, रॉडची मूठ त्यात बसते. उजव्या हातानं टाकायचं, पडला की मूठ पट्ट्यात खोवायची आणि त्याच हातानं रील फिरवायची. बेल्ट चांभाराकडनं करून घेतला, विकतचा एवढा घट्ट बसत नाही. गाठ मारायला लाकडाचा ठोकळा, त्यावर छोटा शिकंजा, गळ त्यात धरायचा, दोर दातात. घाई केली की ओठ फाटतो, म्हणून गळ घरनंच बांधून डबीत नेतो.

तुमच्या बोटीवर असा शिकंजा लावा, फळीला स्क्रूनं. फक्त हात नसलेल्यांना नाही, बोटं आखडलेल्यांनाही लागतो. आणि रॉड धरायच्या नळ्या काठाला लावाल त्या फिरत्या लावा, बसल्या जागेवरनं हवा तो कोन करता आला पाहिजे.

चार_चाकं
एकहाती भाऊ, तो पट्टा बघायला पाहिजे. फोटो टाका.

खुर्चीवरनं टाकायचं म्हणजे हातरेस्ट आड येतो, निघणारे हातरेस्ट असलेली खुर्ची न्या. रॉड ६-७ फुटाची, डोक्यावरनं नाही, बाजूनं फेकायची. होडीचा काठ खुर्चीतल्या माणसाच्या मांडीच्या वर आला तर फेकताना अडतो. टिगवाला दादा, कुठंही कठडा लावणार असाल तर ३४ इंचाच्या वर नको, बसलेल्या माणसाला त्याच्यावरनं रॉड खाली नेता आली पाहिजे. आणि मासा उचलायची जाळी लांब दांड्याची. म्हणजे शेवटी मासाही आपल्याच हातानं आत येतो, दुसऱ्यानं उचलला की मजा जाते.

रोहूराजा
माझा चुलत भाऊ अजिबात दिसत नाही असा आहे पण गळाला बसतो. टोकाला घुंगरू बांधतो, ब्रेडेड दोर वापरतो, साधा नायलॉन ताणतो म्हणून चावा नीट कळत नाही म्हणतो. त्याला हाताला जे कळतं ते आम्हाला डोळ्यानं कळत नाही. त्याला नेता येईल का या बोटीवर?

भोगावतीकाठ
नेऊया की. त्याला विचारा डेकवर काय काय हवं. दादा म्हणतोय धरायला कडेनं दोर फिरवून त्याला अंतरा-अंतरावर गाठी माराव्यात, म्हणजे कुठं आहे ते हाताला कळेल.

मंडळी, दादाला सगळा धागा वाचून दाखवला. कागदावर त्यानं स्वतः डेकचं चित्र काढलंय. म्हणतो रॅम्प पुढं आहे तर गळ टाकायची जागाही पुढंच, रॅम्प उभा केल्यावर त्याच्यावरनं फेकता येत नाही, म्हणून रॅम्पचे दोन भाग करा, वरचा अर्धा मागं दुमडला पाहिजे. टिगवाला दादा, होईल का? बाकी एकच अडचण शिल्लक आहे, काठावरचा गाळ. गाडी उतरते तिथनं पाण्यापर्यंत चांगलं चाळीस-पन्नास फूट चिखलाचं आहे. मुरूम टाकला तरी पाणी चढलं की वाहून जातो.

टिगवाला_उद्यमनगर
दुमडता रॅम्प होतो, मध्ये दुसरी बिजागरी आणि दोन्ही कडांना खिट्टी. वजन थोडं वाढेल. दादांचं चित्र पाठवा, माप त्यांच्याच खुर्चीचं घेतो, चाकाच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत.

पूररेषा
गाळाला उपाय आहे. साखर कारखान्यात भुसा वाहून नेणारा रबरी कन्व्हेयर बेल्ट असतो, जुना झाला की भंगारात निघतो, लोक गोठ्यात म्हशींखाली अंथरायला नेतात. ३-४ फूट रुंद पट्टा मिळतो. तो चिखलावर अंथरायचा, खाली आडव्या बांबूच्या कांबी टाकायच्या, कडेला खुंट्या. आमच्या गल्लीत पूर उतरल्यावर चिखलातनं सामान न्यायला आम्ही असाच टाकला होता, हातगाडीचं चाक रुतलं नाही. पाणी सरकलं की गुंडाळून पुढं अंथरायचा. वजन बरंच असतं, १०-१० फुटाचे तुकडे करून घ्या. आणि शेणानं, शेवाळानं गुळगुळीत झालेला घेऊ नका, खरबरीत बाजू वर.

नीट_बसा
उतारावर खुर्ची मागं तोंड करून न्या, पाण्याकडं पाठ, खाली पाण्याच्या बाजूला एक माणूस हँडल धरून. पुढच्या छोट्या चाकांवर तोल गेला तर माणूस तोंडावर जातो.

संस्थेचा_सेक्रेटरी
बेल्टचं मी बघतो. आमच्या भागातल्या कारखान्याच्या भंगारवाल्याकडं विचारलं, पावणेचार फूट रुंदीचा आहे म्हणतोय, किलोवर देणार. भोगावतीकाठ, किती फूट घेऊ ते आजच सांगा, लिलावात गेला तर मिळायचा नाही. आणि ट्रॅक्टर तुम्हीच आणा, माझ्या पिकअपमध्ये बसायचा नाही तो.

भोगावतीकाठ
६० फूट घ्या साहेब. ट्रॉली घेऊन येतो, दादाही येणार आहे, बेल्टवर खुर्ची चालवून बघूनच घेऊ म्हणतोय.